मोखाड्याकडचा सरकारी दवाखाना : माणसं पाच स्टार, सोय दोन

मोखाडा तालुक्यातल्या एका पीएचसीचा, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राचा, रिव्ह्यू लिहितेय, नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की नोटीस वरच्या साहेबांना नाही, तिथल्या सिस्टरलाच येते. वहिनीच्या बाळंतपणात जाणं-येणं झालं त्यामुळे बऱ्यापैकी बघितलंय.

आधी चांगलं सांगते. केस पेपरला पैसे नाहीत, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच फुकट केलंय, आणि गोळ्या बहुतेक तिथेच मिळाल्या. सिस्टर तर एक नंबर बाई. लसीच्या फ्रिजजवळ वही, त्यात सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर लिहिणार म्हणजे लिहिणार, लाईट गेली की फ्रिजला कुणाला हात लावू देत नाही, शिपायालाही ओरडली. वहिनीचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) कमी आलं तर नुसत्या लोहाच्या लाल गोळ्या हातात देऊन मोकळी नाही झाली, चहावर घेऊ नको, मळमळलं तरी बंद करू नको, सगळं दोन-दोनदा सांगितलं.

आता रडगाणं. सोनोग्राफी इथे नाही, जव्हारला जा. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, म्हणजे दिवस गेला, बरोबर येणाऱ्याची मजुरीपण गेली, मग फुकट ते काय राहिलं? 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे पण फोन लावायला पाड्यावर रेंज तरी पाहिजे ना, पावसाळ्यात काही पाड्यांवरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात अजून. आणि केस अडली की नाशिक! जिल्हा आमचा पालघर, 2014 ला ठाण्यातून वेगळा केला, तरी आम्हाला नाशिकच जवळ. याच जिल्ह्यात विरार-नालासोपाऱ्याला गल्लीगल्लीत नर्सिंग होम, नाहीच जमलं तर लोकल पकडून बोरिवली. नियमाने आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक पीएचसी, सपाटीवर 30 हजारांमागे, म्हणजे कागदावर आम्हालाच झुकतं माप. पण नियम डोकी मोजतो, मधला घाट कुठे मोजतो?

अजून एक, ज्याचा दोष दवाखान्याला नाही. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, वसई-भिवंडीकडे, पोरं बरोबर. लसीचं कार्ड घरी पत्र्याखाली खोचलेलं, इथली आशाताई नावं शोधत फिरते आणि तिकडे भट्टीवर ही पोरं कुणाच्याच यादीत नाहीत.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, कार्ड आणि आधार न्या, आशाताईचा नंबर घरातल्या दोघांकडे ठेवा. तारीख पावसाळ्यातली असेल तर माहेरघर (बाळंतपणाआधी बाईने दवाखान्याजवळ येऊन राहायची सोय) चालू आहे का आधी विचारा आणि चार दिवस अगोदरच तिथे जाऊन राहा, कळा सुरू झाल्यावर गाडी शोधत बसू नका.