कॉइलओव्हर किटला साडेतीन तारे, बसवून देणाऱ्याला एक

आधी गाडी सांगतो. 2001 ची माझदा मियाटा, एनबी पिढीतली. दोन सीटा, कापडी टप, 1.8 लिटरचं इंजिन, वजन अकराशे किलोच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं. मी राहतो डेट्रॉइटच्या पश्चिमेला. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि मार्चमध्ये बर्फ वितळला की खड्डे असे उघडे पडतात, की सांगलीच्या माणसालाही घरच्यासारखं वाटावं. माझी मियाटा हिवाळ्यात गॅरेजमध्येच असते, पण वीस वर्षांत आधीच्या मालकांनी तिला भरपूर मीठ खाऊ घातलंय. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुने शॉकअप मेले होते, म्हणून कॉइलओव्हर घेतले, म्हणजे शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा संच. किटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वर्कशॉपचंही नाही. तैवानी बनावट, मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक), 32 क्लिकचं ॲडजस्टमेंट, स्प्रिंगा पुढे 7 आणि मागे 5 किलो प्रति मिलिमीटर. हजार डॉलरच्या घरातली किटं बरीचशी याच घाटाची असतात, त्यामुळे खालचं बहुतेक तुमच्याही किटला लागू पडेल. बसवून घ्यायचे 450 डॉलर वेगळे. स्वतः का नाही बसवले? कारण त्या आठवड्यात ऑफिसात डेडलाइन होती आणि अक्कल गहाण होती.

गाडी ताब्यात घेतली. पार्किंगमधून बाहेर पडताना पहिलाच स्पीडब्रेकर, आणि पुढे डावीकडून आवाज: खट. धप्प नाही, कर्र नाही. रिकाम्या खलबत्त्याच्या कडेवर बत्ता आपटावा तसा कोरडा खट. घरी येईपर्यंत तो मी चाळीसेक वेळा ऐकला. वर गाडी इतकी कडक की रस्त्याच्या प्रत्येक जोडावर दात वाजत होते. बायको शेजारी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "नवीन पार्ट घातलेत की असलेले काढून घेतलेत?"

वर्कशॉपला फोन केला. उत्तर तयारच होतं: "कॉइलओव्हर आहेत, आवाज येणारच. स्पोर्ट सेटअप आहे. क्लिक थोडे सॉफ्ट करून बघा."

या वाक्यासाठी मी त्यांचा एक तारा कापला. क्लिक म्हणजे काय, तर शॉकमधल्या तेलाची वाट अरुंद-रुंद करणारी सुई. तिनं स्प्रिंगची हालचाल किती लवकर थांबते ते बदलतं. धातूवर धातू आपटत असेल तर तिथे सुईचं काहीच काम नाही. तरीही मोजून बघितलं. मोजायची पद्धत म्हणजे घड्याळाच्या दिशेनं हलक्या हातानं पूर्ण कडक करायचं आणि तिथून मागे मोजत यायचं, कारण मऊ टोकाला शेवटचा क्लिक कुठला ते धड कळत नाही. पुढे डावीकडे 20, उजवीकडे 11. म्हणजे बसवणाऱ्यानं चारही खोक्यांतून काढले आणि जसे आले तसे लावले. मी दोन्ही 16 वर आणले. गाडी सरळ थांबायला लागली, खट जिथल्या तिथे.

यूट्यूबवर शोधलं तर जो-तो सांगतोय, टॉप माउंटचं, म्हणजे शॉक वर जिथे गाडीला टेकतो तिथलं, बेअरिंग बघा. ते मॅकफर्सन स्ट्रटवाल्या गाड्यांना ठीक आहे, कारण तिथे स्टिअरिंगबरोबर अख्खा स्ट्रट, म्हणजे शॉक-स्प्रिंगचा खांब, फिरतो आणि वरचं बेअरिंग गेलं की वळताना टणटण वाजतं. मियाटाला डबल विशबोन. तिचा शॉक स्टिअरिंगबरोबर फिरतच नाही, नुसता वर-खाली होतो. ज्याच्या गाडीची रचना वेगळी त्याचा इलाज आपल्या गाडीला करत बसलात तर दोन शनिवार गेलेच म्हणून समजा. माझा एक गेला.

दुसऱ्या शनिवारी आधी कडकपणाच्या मागे लागलो. यासाठी लागणारं यंत्र म्हणजे एक केबल टाय, किंमत पाच सेंट. डस्ट कव्हर वर सरकवायचं, शॉकच्या चकचकीत रॉडभोवती टाय आवळायचा आणि तो खाली शॉकच्या तोंडाशी टेकवून ठेवायचा. शॉक दबला की टाय रॉडवर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. शॉक जास्तीत जास्त किती दबला याचा तो पुरावा. दूध आणायला गेलो आणि आलो, तीन मैलही नाहीत. परत येऊन टॉर्च मारली तर टाय थेट वर बंप स्टॉपरच्या रबरात रुतून बसलेला! म्हणजे मी इतके दिवस स्प्रिंगवर चालतच नव्हतो, रबराच्या ठोकळ्यावर चालत होतो. अशा गाडीला क्लिक सॉफ्ट करा म्हणणं म्हणजे आणखी जोरात ठोकळ्यावर आपटा म्हणणं.

मग चाक उचललं, आणि सगळं उघड झालं. चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हातानं गरागरा फिरत होती. वर उचलली तर खाली 9 मिलिमीटरची फट. करंगळी जाईल एवढी.

झालं होतं असं. या किटमध्ये उंची बदलायची खरी जागा शॉकच्या तळाशी, खालच्या ब्रॅकेटच्या आट्यांवर असते. ब्रॅकेट फिरवला की शॉकची एकूण लांबी बदलते, शॉकची आतली चाल तेवढीच राहते. स्प्रिंगखालची कॉलर ही स्प्रिंग घट्ट बसवण्यापुरती. आमच्या कारागिरानं गाडी दिसायला झोकात बसावी म्हणून स्प्रिंगची कॉलरच खाली उतरवली, कारण ती हाताला पटकन लागते. त्यानं एका दगडात दोन पक्षी मेले, दोन्ही माझे. शॉक आधीच दबलेला, म्हणून बंप स्टॉपर जवळ आला. आणि चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडायची आणि परत येताना आपटायची.

उपाय पाऊण तासाचा. लॉक कॉलर सैल केली, स्प्रिंगला हात लावून ती फिरायची थांबेपर्यंत कॉलर चढवली, वर आणखी 2 मिलिमीटर, आणि लॉक कॉलर परत घट्ट. मियाटाच्या पुढच्या विशबोनमुळे शॉक चाकापेक्षा कमी हलतो, साधारण सत्तर टक्के. म्हणून कॉलर 11 मिलिमीटर चढवली तर चाकाशी गाडी जवळजवळ 16 मिलिमीटर वर आली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत 312 होतं, ते 328 झालं. किटबरोबर आलेले सी-आकाराचे पाने मात्र पत्र्याचे आहेत, एक वाकला. अर्धा तारा तिथे गेला.

फिरवून आणली. केबल टाय मध्यावर थांबला. कडकपणा गेला, गाडी रस्त्यावर चालल्यासारखी चालली. खट निम्मा झाला.

निम्मा खट पूर्ण खटपेक्षा वाईट. पूर्ण वाजतो तेव्हा निदान खात्री असते.

आमचे आण्णा मिरज डेपोत एसटीचे मेकॅनिक होते, आता रिटायर. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना आवाज ऐकवला. आधी म्हणाले, "शॅकल गेलंय बघ." म्हटलं, आण्णा, या गाडीला पाटे नाहीत, मग ते टांगायचं शॅकल कुठलं. थोडा वेळ त्यांना ते पटलं नाही. मग म्हणाले, "बरं, पाटे नसू देत. आवळलंय कुठं? वर टांगून का खाली टेकवून? आमच्यात पाट्याचं यू-बोल्ट गाडी लोडवर आली की परत आवळायचं असायचं." आणि लगेच आईनं फोन घेतला, जेवलास का वगैरे.

वर्कशॉपनं शॉक आत घालण्यासाठी वरच्या आर्मचा लांब बोल्ट सोडला होता. तो परत आवळला गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबत. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं; ते फिरत नाही, पिळतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली टेकताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी खोट्या उंचीवर बसते, उगाच कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतो.

गाडी रॅम्पवर चढवायची तर पुढचा बंपर रॅम्पला घासतो, म्हणून आधी दोन फळ्या टाकल्या. चारही चाकांवर वजन ठेवून बोल्ट सैल केला. कर्रर्र झालं, आणि डावी बाजू डोळ्यांदेखत 4 मिलिमीटर बसली. तिथेच परत आवळला, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलात दिलेल्या आकड्याला. उजवीकडेही तेच. तसाच आडवा पडून स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड हलवून बघितली, तर डावीकडचा नट पाव वळसा सैल. हातानं हलवलं: खट. तोच.

म्हणजे उरलेल्या आवाजाचा धनी एक नट होता. तीन शनिवार, एक रविवार आणि मिरज डेपोची आठवण खर्चून पाव वळसा.

आता किटबद्दल, कारण लेख त्याचा आहे. दोन महिन्यांनी पुढचा उजवा शॉक तेल सोडायला लागला. रॉडवर पातळसा तेलकट थर चालतो, सीलला तो लागतोच. इथे मात्र ओघळ खाली ब्रॅकेटपर्यंत. उघडून बघितलं तर रॉडच्या वरच्या भागात पकडीच्या दातांचे ओरखडे. वरचा नट आवळताना रॉड फिरतो, म्हणून त्याच्या डोक्यात ॲलन कीला खाच दिलेली असते. ती सोडून कुणीतरी पकडीनं धरला होता. तो ओरखडा सीलमधून गेला की सील कापलंच.

कंपनीला फोटो पाठवले. वॉरंटीत बसत नाही, म्हणाले, आणि ते मला मान्य आहे. पण नवं कार्ट्रिज, म्हणजे नुसता शॉक, 140 डॉलरला दिलं, नऊ दिवसांत आलं, स्प्रिंग आणि ब्रॅकेट जुनेच चालले. सुटे भाग मिळणं ही या किटची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पुढे 16 आणि मागे 20 क्लिकवर (कडक टोकापासून) इथल्या रस्त्यांवर दोन तास चालवूनही पाठ शाबूत राहते. वॉटरफोर्ड हिल्सच्या ट्रॅकवर एक दिवस नेली, तिथे पुढे 8 केले आणि गाडी वळणात सपाट राहिली.

वजा बाजू दोन. बरोबरची माहिती एका कागदावर, आणि खालच्या ब्रॅकेटमध्ये शॉकचे आटे कमीत कमी किती आत हवेत ते त्यावर नाहीच. ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, ठळक छापायला हवी. दुसरं, कॉलर ॲल्युमिनियमची आणि शॉकची नळी लोखंडी. दोन धातू, मध्ये मीठ आणि पाणी, आटे धरलेच म्हणून समजा. एका वसंतात मागची एक कॉलर हलेना, तेल मारून रात्रभर ठेवावी लागली. आता आटे ब्रशनं घासून अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावतो आणि वरून सायकलची जुनी ट्यूब कापून मोज्यासारखी चढवतो. दिसायला गबाळी, पण आटे कोरडे.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मी त्या वर्कशॉपकडे केलं नाही. एका छोट्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती तुझं?" सांगितलं, 78 किलो. तेवढ्या वाळूच्या पिशव्या त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर रचल्या आणि मग यंत्र लावलं. एवढ्या हलक्या गाडीत माणूस बसला की उंची आणि कोन दोन्ही हलतात. मियाटाच्या खालच्या चार आर्मना मिळून आठ एक्सेंट्रिक (फिरवून चाकाचा कोन बदलायचे) बोल्ट असतात; माझे दोन बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले. त्यांनी कापायच्या आधी बोलावून दाखवलं, किंमत सांगितली, मगच करवत लावली. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे दीड अंश, मागे थोडा जास्त, पुढे टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागे किंचित आत. त्यांना पाच तारे, सहावा असता तर तोही दिला असता.

वर्कशॉपला मी हे सगळं फोटोंसकट कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, आणि पुढच्या फिटिंगवर 100 डॉलरची सूट. कूपन गाडीच्या कप्प्यात पडलंय. हवं असेल त्यानं घेऊन जावं.