पेपलम बघायचेत? या तिघांतून सुरुवात करा

युद्धानंतरच्या इटलीत ग्रीक-रोमन काळावरचे पोशाखी चित्रपट ढिगाने निघाले. त्यांना पेपलम म्हणतात. पहिलाच सुमार निघाला तर माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही, म्हणून आधी निवड नीट करावी.

पिएत्रो फ्रांचिशीचा ‘ले फातिके दि एर्कोले’ (१९५८, म्हणजे ‘हर्क्युलिसचे पराक्रम’, इंग्रजीत ‘हर्क्युलिस’) यानेच लाट उसळवली. पहिलवानी अंगाचा नायक स्टीव्ह रीव्हज साखळ्यांनी राजवाड्याचे खांब ओढून पाडतो, ते दृश्य आजही अंगावर येतं. मात्र हर्क्युलिसचे बाराही पराक्रम यात नाहीत. सिंह आणि बैल आटोपले की कथा जेसन या ग्रीक वीराबरोबर सोनेरी लोकरीच्या शोधात निघते.

सर्जिओ लिओनीच्या ‘इल कोलोस्सो दि रोदी’मध्ये (१९६१, म्हणजे ‘ऱ्होड्सचा महाकाय पुतळा’) पहिलवान नाही, साधा नट रॉरी कॅल्हून आहे, कटकारस्थानं आणि बंड आहे. बंदराच्या तोंडावर पाय फाकून उभा असलेला पुतळा ही नंतरची दंतकथा, पण त्याच्या अंगाखांद्यावरची तलवारबाजी झकास जमलीय. लांबी दोन तासांहून जास्त, मध्ये रेंगाळतो. लिओनीचे वेस्टर्न (काउबॉयपट) आवडत असतील तरच आधी हा घ्या.

एकच बघणार असाल तर मारिओ बावाचा ‘एर्कोले अल चेंत्रो देल्ला तेर्रा’ (१९६१, इंग्रजीत ‘हर्क्युलिस इन द हॉन्टेड वर्ल्ड’) बघा. बावा मुळात सिनेमाचा छायाचित्रकार. पैसा तुटपुंजा, म्हणून मोजक्या सेटवर लाल, हिरवे, निळे झोत टाकून त्याने अख्खं पाताळ उभं केलं. हर्क्युलिस झालेला रेग पार्क अभिनयात कच्चा आहे, पण समोर खलनायक म्हणून क्रिस्टोफर ली आहे आणि दीड तासाच्या आत सगळं संपतं.

प्रत मात्र पारखून घ्या. तिन्ही चित्रपट रुंद पडद्याचे, साधारण २.३५:१ (रुंदी:उंची). जुन्या टीव्हीच्या १.३३:१ चौकटीत कापलेल्या प्रतीत सुमारे ४३ टक्के चित्र जातं. दोघं बोलत असले तरी एकच दिसतो. त्या काळच्या रंगीत प्रतींत निळसर रंगद्रव्य आधी विरतं आणि सगळं गुलाबी पडतं. फ्रांचिशीचा चित्रपट तेवढं सोसतो, बावाचा नाही. म्हणून पूर्ण रुंदीची, रिस्टोअर केलेली प्रतच घ्या.

आवाज तिन्हींत नंतर भरलेला आहे, त्यामुळे कुठल्याही भाषेत ओठ पुरते जुळत नाहीत. इंग्रजीत रीव्हजचा आवाज त्याचा नाही, आणि लीचाही नाही. तेव्हा इटालियन ट्रॅक लावा, खाली सबटायटल्स ठेवा.