विश्वामित्रीच्या पाण्याची परीक्षा: लेम्ना घ्यावी की डॅफ्निया?

विश्वामित्रीसारख्या नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात विषारी काही आहे का, हे कॉलेजच्या प्रकल्पात तपासायला वडोदऱ्यात दोन जीव सहज मिळतात. लेम्ना म्हणजे साचलेल्या पाण्यावर तरंगणारी हिरवी टिकली. लोक तिला शेवाळ समजतात, पण ती फुलं येणारी वनस्पती आहे. प्रत्येक टिकलीखाली एकच मूळ असेल, तरच ती लेम्ना. डॅफ्निया हा पाण्यात पोहणारा इवलासा जीव, कोळंबीच्या गोतावळ्यातला. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळतो.

आधी संशय कशाचा, ते ठरवा. शेतातून तणनाशक येत असेल तर लेम्ना, कीटकनाशक असेल तर डॅफ्निया. उलट केलंत तर विष समोर असूनही प्रयोगात कदाचित काहीच दिसणार नाही.

डॅफ्नियाची चाचणी 48 तासांत आटपते, पण तयारी किचकट. पिल्लं 24 तासांच्या आतलीच हवीत. पाठीच्या पिशवीत पिल्लं दिसणाऱ्या माद्या आदल्या संध्याकाळी वेगळ्या काढा. सकाळी रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पिल्लं उचला आणि ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवूनच सोडा. वरून थेंब टाकलात तर कवचात हवा अडकते आणि पिल्लू पृष्ठभागावर तरंगत राहतं. तपासायचं पाणी कमी-जास्त पातळ करून घ्या; अशा प्रत्येक तीव्रतेला पाच-पाच पिल्लांचे चार ग्लास, प्रत्येक पिल्लामागे निदान 2 मिली पाणी. शेवटी ग्लास हलकेच हलवा. 15 सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल. कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात, 20 पैकी दोनपेक्षा जास्त निश्चल झाली, तर प्रयोग पुन्हा करा. दोष नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा असू शकतो. सांडपाण्यात पिल्लं ऑक्सिजनअभावीही मरतात, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी तोही मोजा.

लेम्नाला 7 दिवस, साधारण 24 अंश तापमान आणि अखंड उजेड लागतो. प्रत्येक भांड्यात 9 ते 12 टिकल्या. मोजताना मूळ टिकलीच्या कडेबाहेर डोकावणारी इवलीशी टिकलीही धरा. इथला मोठा धोका म्हणजे सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस: विष असूनही लेम्ना फोफावते. म्हणून कंट्रोलसह सगळ्या भांड्यांत एकच पोषकद्रावण सारख्या प्रमाणात घाला. कंट्रोलमधल्या टिकल्या अडीच दिवसांत दुप्पट झाल्या नाहीत, तर आकडे वापरू नका.

प्रमाणित डॅफ्निया चाचणीला 18 ते 22 अंश लागतात. प्रकल्प एप्रिल-मेमध्ये असेल आणि रात्रंदिवस एसी चालणारी खोली नसेल, तर डॅफ्निया डिसेंबर-जानेवारीवर ढकला.