टर्बोच्या नावाने ३७,६५० रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लाजेपायी शेवटी कमी करून सांगेन. सदतीस हजार सहाशे पन्नास, इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो बदलल्याचं सांगून एका गॅरेजवाल्याने घेतलेले. त्यातले १५,००० यूपीआयने, २२,६५० रोख. बदल्यात नक्की काय मिळालं, तर इंजिन ऑइल. तेही खरंच बदललं होतं की नुसती डिपस्टिक पुसली होती, देव जाणे.

गाडी २०१५ ची, १.३ लिटर डिझेल, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. मी राहतो घोडबंदर रोडला, कामाला रबाळे एमआयडीसीत. गणपतीला आठ दिवस होते. भाईंदरहून घरी परतताना गायमुखच्या चढावर गाडीचा दम गेला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणली तरी ओढेना. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला. आणि समोर पिवळा इंजिनाचा दिवा. धूर नाही, आवाज नाही, तापमानाचा काटा जागेवर. फक्त पिकअप गायब.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तारीख थेट विसर्जनानंतरची. आम्हाला गावी जायचं होतं, संगमेश्वरला. रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली. आई ७८ वर्षांची, तिला एसटीने बारा-चौदा तास बसवत नेणं शक्य नव्हतं. हे सगळं सांगतोय कारण घरात दोन महिने एकच प्रश्न ऐकतोय, "एवढी घाई कसली होती?" घाई होती. आणि हे त्या गॅरेजवाल्याला मीच, पहिल्या दोन मिनिटांत, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. "शुक्रवारी पहाटे निघायचंय हो, काहीही करा." संपलं. तिथेच माझा भाव ठरला. मेकॅनिकला कधी निघायचंय ते सांगू नका. दोन दिवस आधीची खोटी तारीख द्या, पण "काहीही करा" हे शब्द तोंडातून काढू नका.

गॅरेज घोडबंदर पट्ट्यातलंच. नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे त्याच्या नावाचा कागदच नाही. तो कसा नाही, ते पुढे येईल.

त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. टॅबलेटसारखा, रबराच्या कव्हरमधला. स्क्रीनवर बिघाडाचा एकच कोड आला. मी सहज फोटो काढला, मेव्हण्याला पाठवायला. तो फोटो आजही मोबाइलमध्ये आहे आणि रोज एकदा तरी मी तो उघडतो, दुखरा दात जिभेने चाचपावा तसा. पी०१०२. खाली इंग्रजीत वर्णन, त्यात शेवटचे दोन शब्द: लो इनपुट.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे लाज पूर्ण होईल. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. बावीस वर्षं प्लांटमध्ये सेन्सर, ट्रान्समीटर, केबल हेच करतोय. आमच्याकडे फ्लो ट्रान्समीटरचा, म्हणजे प्रवाह मोजून कळवणाऱ्या यंत्राचा, सिग्नल ४ मिलीअँपच्या खाली गेला तर नवीन ट्रेनी पोरगाही पहिल्यांदा वायर आणि कनेक्टर बघतो, मग सेन्सर. पंप बदलायला कोणी धावत नाही. लो इनपुट म्हणजे सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी येतोय, एवढंच. कोड हा आरोपी नसतो, साक्षीदार असतो, आणि इथे तर साक्षीदारालाच दिसत नव्हतं. मी ते शब्द वाचले. वाचले, हे महत्त्वाचं. आणि विचारलंसुद्धा, "हे एअर फ्लो सेन्सरचं आहे ना?"

तो हसला. "साहेब, एअरचंच आहे. पण एअर कमी का पडतेय? कारण टर्बो हवा ओढतच नाही. सेन्सर बिचारा खरं सांगतोय."

काय बोलला बघा! उत्तर इतकं गोळीबंद होतं की मी मान डोलावली. टर्बो मेला तर हवा खरंच कमी ओढली जाते, हे अर्धं खरं होतं. पण तेव्हा आकडा कमी येतो, सर्किट मेल्यासारखा सिग्नल पडत नाही. त्या दोन्हींचे कोडही वेगळे असतात. हे मला कळत होतं. निदान कळायला हवं होतं. शेजारी टायरवर बसून कटिंग चहा पीत मी बावीस वर्षांचा अनुभव त्या ग्लासात बुडवला.

मग यादी वाढत गेली. स्कॅनिंग ५००. इंजेक्टर क्लीनिंग ४,८००. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) क्लीनिंग २,५००. रिकंडिशन टर्बो २४,०००. ऑइल आणि फिल्टर २,६५०. मजुरी ३,२००. संध्याकाळी त्याने पोत्यातून एक तेलकट टर्बो काढून माझ्यासमोर ठेवला, पंख्याचं पातं बोटाने हलवून दाखवलं. "बघा, प्ले किती आलाय." म्हणजे पातं किती ढिलं झालंय. मी बघितलं. तो टर्बो माझ्याच गाडीचा, हे मी कशावरून मानलं? तो म्हणाला म्हणून. गाडी सोडताना पार्टवर नेलपॉलिशचा किंवा मार्करचा एक ठिपका देऊन ठेवायचा असतो, हे मला कारखान्यात ठाऊक असतं, गॅरेजच्या दारात विसरतं.

१५,००० मी यूपीआयने दिले. स्क्रीनवर गॅरेजचं नाव न येता भलत्याच बाईंचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे." बाकीचे रोखच पाहिजेत म्हणाला. बिल मागितलं तर, "बिल हवं तर १८ टक्के वर लागतील, साहेब. तुमचेच पैसे वाचवतोय." मग रेघांच्या पॅडवरची चिठ्ठी. वर ना नाव, ना जीएसटी नंबर, ना किलोमीटर, ना टर्बोचा सिरीयल नंबर. खाली एक वळणदार सही, जी कोणाचीही असू शकते. जे वाचवले म्हणतो, ते सहा-सात हजार भरून छापील बिल घेतलं असतं तर आज ही पाळी आली नसती.

दिवा मात्र गेला होता. पिकअपही बरा वाटत होता. आता कळतं, त्याने सेन्सरचा कनेक्टर काढून, पिना घासून परत बसवला असणार आणि स्कॅनरवरून कोड पुसला असणार. कोड पुसला की त्यासोबत बिघाडाच्या क्षणी साठवलेली माहितीही जाते, म्हणजे त्या वेळचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान. पुरावा मीच पैसे देऊन पुसून घेतला.

चौथ्या दिवशी, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये, मागच्या सीटवर आई, डिकीत मखर, आणि दिवा परत पेटला. पुढचा सगळा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्यावर. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

गावी पुतण्याने गाडीचे कोड मोबाइलवर दाखवणारा त्याचा ब्लूटूथ डोंगल लावला. साडेनऊशे रुपयांची वस्तू, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. कोड तोच, पी०१०२. मग त्याने मोबाइलवर हवेच्या प्रवाहाचं चालू रीडिंग उघडलं. इंजिन सुरू असून आकडा शून्याला चिकटलेला, रेस दिली तरी हलेना. "काका, इंजिन चालतंय म्हणजे हवा जातेय. मीटर झोपलाय." त्याने एअर फिल्टरच्या डब्याला लागून असलेल्या नळीवरचा कनेक्टर सरळ काढून टाकला आणि म्हणाला, आता चालवा. दिवा पेटलेलाच, पण घाटीवर गाडी सुसाट. सिग्नलच नाही म्हटल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, अंदाजाचा आकडा धरून चालवतो, आणि खोट्या रीडिंगपेक्षा तो अंदाज बरा पडतो. ही चाचणी प्रत्येक गाडीत अशीच लागू पडेल असं नाही. कित्येक पेट्रोल गाड्यांत हा सेन्सरच नसतो, तिथे हवेचा दाब मोजणारा असतो. पण फुकटची आहे. चोवीस हजारांच्या आधी करून बघायची असते.

परत आल्यावर कळव्यातल्या एका जुन्या डिझेल मेकॅनिककडे गेलो. त्याने सेन्सर काढला, उजेडाला धरला. आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर तेलकट काळं. ही पट्टी गरम ठेवलेली असते. हवा तिला जितकी थंड करते त्यावरून हवा मोजली जाते. मळ बसला की हिशोब चुकतो. त्याने याच कामाचा स्प्रे मारून वाळवून बघितला, जमलं नाही. (कार्ब्युरेटर क्लीनर मारू नका, ब्रश तर अजिबात लावू नका, चांगला असला तरी मरेल.) नवीन सेन्सर ५,४००, मजुरी ३००, छापील बिल. आकडा जागेवर आला, रेसबरोबर वर-खाली हलायला लागला. त्या मानाने उत्तर पाच मिनिटांचं.

मग मी टर्बोबद्दल विचारलं. त्याने टॉर्च मारून मला आत वाकायला लावलं. हीट शील्डचे बोल्ट गंजाने एकजीव झालेले, त्यांच्या कडांवर पाना लागल्याची एक ओरखडही नाही, आणि वर वर्षानुवर्षांची घट्ट धूळ. "हा टर्बो कंपनीतून आला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही," तो म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून विषय बदलला.

आता यंत्रणेचं ऐका. गॅरेजवाला म्हणाला, "टर्बो आम्ही टाकलाय, सेन्सर नंतर गेला." पोलीस चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी भेटले आणि पहिला प्रश्न, "गाडी चालतेय ना आता?" चालतेय म्हटल्यावर त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. मी ४२० म्हणालो तर शेजारच्या हवालदाराने सुधारलं, "आता ३१८ आहे, भारतीय न्याय संहिता." एवढी एकच मदत मला तिथे मिळाली. अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर. तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "बिल क्रमांक?" बिल असतं तर बाई, मी रडलो असतो का? सर्व्हिस सेंटरला म्हटलं, टर्बो मूळचाच आहे एवढं लेटरहेडवर लिहून द्या. "बाहेर काम झालेल्या गाडीवर आम्ही लेखी देत नाही." अहो, बाहेर काम झालंच नाही, हेच तर लिहून हवंय! तिथला मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला, जणू फसवणूक मीच करतोय. एकाने आरटीओत जायचं सुचवलं. गेलो. अर्धा दिवस आणि ६० रुपये रिक्षा. आमचा संबंध नाही, पुढे.

शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरलाय. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील सक्तीचा नाही. पुरावे म्हणून कोडचा फोटो, यूपीआयची नोंद, गॅरेजवाल्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, कळव्याचं बिल आणि त्या बोल्टचे सहा फोटो जोडतोय. कळव्याचा मेकॅनिक लेखी द्यायला तयार झालाय. त्याला म्हटलं, तारीख आणि किलोमीटर न विसरता लिहा.

घोडबंदर पट्ट्यात अजून कुणाला असा पोत्यातला टर्बो दाखवला असेल, तर रेघांच्या पॅडवरची ती चिठ्ठी फेकली असलीत तरी शोधा. माझ्या चिठ्ठीत 'रिकंडिशन'मधला 'रि' दीर्घ काढलाय आणि ७ वर आडवी रेघ आहे. तुमच्याही चिठ्ठीत तसंच असेल तर सांगा. आणि ज्यांचा दिवा आज पेटलाय त्यांनी कोड लगेच पुसू देऊ नका. आधी कोडचा फोटो काढा, तोही मेकॅनिकच्या नव्हे, स्वतःच्या मोबाइलवर.