पितळेसाठी लिंबूसत्त्व: चांगलं, पण वेळ पाळा

किराणा दुकानात सुटं मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, नक्षीची पितळी समई उजळायला चिंचेपेक्षा सरस आहे; चिंचेचा कोळ खाचांत अडकतो, द्रावण धुऊन निघतं.

1 लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व, चमचाभर मीठ. वस्तू पूर्ण बुडवा, 2-3 मिनिटांत काढा. आम्लाच्या रेणूतले कार्बॉक्सिलेट नावाचे गट काळ्या थरातल्या तांब्याच्या आयनांना (भारित कणांना) धरून पाण्यात ओढतात. मिठातला क्लोराइड त्याला वेग देतो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून कोरडं पुसा, नाहीतर उरलेलं आम्ल पुन्हा डाग पाडतं.

रात्रभर भिजवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मात्र साफ चुकीचा आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त जास्त क्रियाशील, म्हणून ते आधी विरघळतं आणि लालसर तांब्याचे चट्टे मागे राहतात. ते आम्लाने जात नाहीत, घासूनच काढावे लागतात. भांडं अर्धवट बुडालं तर पाण्याच्या रेषेवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडं उमटतं.

कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला हे लावू नका. लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, दिलेल्या शोभेच्या वस्तूंवर उपयोग शून्य; आम्ल धातूपर्यंत पोहोचतच नाही.