गायगर काउंटर घेताय? पडद्यावरचा डोस सोडा, टिक मोजा

किरणोत्सर्ग मोजणारा हा गायगर काउंटर माझ्याकडे बरेच महिने आहे. भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे तो कपाटात पडून राहत नाही. पारदर्शक पेटी, आत एसबीएम-२० ही जुन्या सोव्हिएत बनावटीची बोटभर लांबीची धातूची नळी, छोटा पडदा, एक बझर आणि संगणकाला जोडायची वायर, बस एवढंच. माझं मत आधीच सांगतो: किरणोत्सर्ग समजून घ्यायचा असेल तर जरूर घ्या. घर 'सुरक्षित' आहे की नाही हे तपासायला घेणार असाल, तर नका घेऊ.

नळीत कमी दाबाचा वायू भरलेला असतो आणि तिला ४०० व्होल्ट दिलेले असतात. एखादा बीटा कण (अणुकेंद्रकातून सुटलेला वेगवान इलेक्ट्रॉन) आत शिरला, किंवा गॅमा किरणाने (क्ष-किरणासारख्या भेदक किरणाने) नळीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन उडवला, की मधल्या तारेकडे इलेक्ट्रॉनांचा लोंढा धावतो, क्षणभर वीज वाहते आणि टिक ऐकू येते. गायगर आणि रदरफर्ड यांनी १९०८ मध्ये याची सुरुवात केली, १९२८ मध्ये म्युलरसोबत गायगरने आजची नळी घडवली. तत्त्व अजून तेच आहे.

जवळपास काहीही नसताना माझ्याकडे मिनिटाला साधारण २० टिक येतात. जमीन, भिंती, हवा आणि अवकाशातून येणारे कण यांची ही पार्श्वभूमी. पण 'साधारण' या शब्दाकडे लक्ष द्या. एका मिनिटाला १४, पुढच्याला २६, मग १९. 'आकडा स्थिर राहत नाही, यंत्र खराब' म्हणून काही जणांनी याला एकच तारा दिलाय, ते वाचून वाईट वाटलं. कुठलं अणुकेंद्रक कोणत्या क्षणी क्षय पावेल हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ही चढउतार होणारच. जेवढ्या टिक मोजल्या त्याचं वर्गमूळ, तेवढी अनिश्चितता. २० टिकांना ती ४-५, म्हणजे २० टक्क्यांच्या वर. १० मिनिटं मोजून २०० टिक जमल्या की ७ टक्के. एका मिनिटाच्या वाचनावरून निष्कर्ष काढू नका.

आता ज्यासाठी मी हे यंत्र मनापासून आवडीने वापरतो, ते सांगतो. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची निम्मी केंद्रकं क्षय पावायला लागणारा वेळ, दाखवायला बाहेरून कुठलाही किरणोत्सारी पदार्थ आणावा लागत नाही, एक रबरी फुगा पुरतो. फुगा फुगवून लोकरीच्या कापडावर खसाखसा घासा आणि बंद खोलीत, शक्यतो तळमजल्यावर, अर्धा-पाऊण तास टांगून ठेवा. जमिनीतल्या आणि दगड-विटांतल्या युरेनियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होत असतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. त्याचा क्षय झाला की पोलोनियम-२१८, मग शिसं-२१४, मग बिस्मथ-२१४ असे घन पदार्थ तयार होतात, हवेत तरंगतात आणि विद्युतभारित फुग्यावर येऊन चिकटतात. हवा सोडा, रबर दाबून लहान करा आणि नळीला टेकवा.

बझर एकदम दाट वाजायला लागतो. माझ्या एका वाचनात पहिल्या मिनिटाला १४० टिक होत्या. ४० मिनिटांनी ८०. मुलं लगेच म्हणतात, 'सर, निम्मे कुठे झाले?' मग पार्श्वभूमीचे २० दोन्हींतून वजा करायला लावतो: १२० आणि ६०. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती फळ्यावर घातांकी वक्र काढून कधी मिळाली नव्हती. ४० मिनिटं हे फुग्यावरच्या कुठल्याही एका समस्थानिकाचं (शिसं-२१४ सारख्या, ठरावीक वजनाच्या अणुप्रकाराचं) अर्धायुष्य नाही. शिसं-२१४ चं २७ मिनिटं आणि बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं, एकातून दुसरं तयार होत असल्याने एकूण उतार सुरुवातीला मंद दिसतो. मोठ्या वर्गाला हे गणित जरूर करायला द्यावं. दोन वाचनांच्या मध्ये फुगा बर्फावर ठेवून पाहिला, तरी उतार तोच. तापमानाचा केंद्रकाच्या क्षयावर काही परिणाम होत नाही, हे पुस्तकातलं वाक्य तिथे हातात येतं.

आता उणिवा. पडद्यावर टिकांखाली मायक्रोसीव्हर्ट प्रतितास असा डोसचा, म्हणजे शरीराला किती किरणोत्सर्ग मिळतो याचा, आकडा येतो, तो सर्वांत मोठ्या अक्षरांत. येणारं सगळं सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमासारखंच आहे असं गृहीत धरून तो काढलेला असतो. फुग्यातून येणाऱ्या बहुतेक टिक बीटा कणांच्या, त्यामुळे तिथे या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तरीही पडदा लाल होतो आणि भोंगा वाजतो. घरातलं कुणी घाबरलं तर दोष त्यांचा नाही. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

अल्फा कण (हेलियमची केंद्रकं, किरणोत्सर्गाचा तिसरा प्रकार) या नळीला कळतच नाहीत, धातूच्या भिंतीतच अडतात. अल्फा हवे असतील तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी घ्यावी लागेल, ती महाग आणि नाजूक असते. पाण्यातला किरणोत्सारी पदार्थांचा बारीक अंश किंवा खोलीतलं रेडॉनचं प्रमाणही यावर मोजता येत नाही.

वायरीतून दर मिनिटाची नोंद संगणकात छान उतरते, आलेख लगेच काढता येतो. पेटी मात्र उघडी असताना नळीच्या टोकांना हात लावू नका, मुलांच्या हाती देताना स्क्रू घट्ट करून द्या.

चार तारे. पाचवा राखून ठेवलाय: पुढच्या आवृत्तीत टिक मोठ्या अक्षरांत आणि डोस बारीक अक्षरांत दाखवावा, पार्श्वभूमी वजा करायचं बटण द्यावं, आणि भोंगा मुळात बंद ठेवावा.