लाल डाग दाखवून आमचे ३४ हजार नेले

मी औसा तालुक्यातला शेतकरी. लेक लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं, रात्र-रात्र जागायची, फोनवर नुसतं 'हं' म्हणायची. होस्टेलजवळच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता, 'मेंदूच्या लहरींवरून डिप्रेशन ओळखा.' तिला घेऊन त्या सेंटरवर गेलो.

वेणी सोडून डोक्यावर तारांची टोपी घातली, केसांत चिकट जेल भरलं. पोरगी रडायला लागली. तो माणूस 'हलू नको' एवढंच म्हणाला, मशीन चालूच. थोड्या वेळानं लॅपटॉपवर मेंदूचं रंगीत चित्र आलं, कपाळाच्या जागी लालभडक डाग. "काका, हेच डिप्रेशन. ३० सेशनमध्ये निळं करून देतो." तो डाग बघूनच माझे हातपाय गळाले. तपासणीचे ४ हजार आणि सेशनचे ३० हजार, सोयाबीनच्या पट्टीचे पैसे रोख मोजले. पावती मागितली तर म्हणे, सगळं झाल्यावर एकदम देतो.

१२ सेशन झाली. लेक आणखीच गप्प झाली. एक दिवस आईला म्हणाली, "माझा मेंदूच खराब आहे, मशीननं पण सांगितलंय." ते ऐकून तिच्या मामानं आम्हाला सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मला बाहेर बसवलं आणि लेकीशी पाऊण तास बोलल्या: झोप, भूक, अभ्यासातलं मन, मरणाचे विचार येतात का, हे सगळं किती दिवसांपासून. निदान असंच होतं, दोन आठवडे किंवा जास्त टिकलेल्या लक्षणांवरून. मग रिपोर्ट उघडून लेकीला विचारलं, "टोपी घातली तेव्हा तू काय करत होतीस?"

"रडत होते."

मॅडम म्हणाल्या, डोळ्यांची उघडझाप झाली, कपाळ आखडलं, की पुढच्या तारा तेच टिपतात, आणि चित्रात ते कपाळावर उमटतं. हे साफ न करता काढलेल्या नकाशाला अर्थ नाही. शिवाय या वयात मेंदूच्या लहरी अजून बदलत असतात. संथ लहरी लहानपणी जास्त असतात आणि वाढत्या वयात कमी होत जातात, त्यामुळं मोठ्या माणसाच्या मापानं लेकरू मोजलं तर चांगलं लेकरूही बिघडलेलं दिसेल. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणारी ही तपासणी, खोटी नाही, फिट येणाऱ्याला ती लागतेच. डिप्रेशनमध्ये कपाळाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या अल्फा नावाच्या लहरींत फरक असतो का, यावर बरीच वर्षं संशोधन चाललंय, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एका पोरीचा कागद बघून डिप्रेशन आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

लेकीला खरंच डिप्रेशन होतं. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पैशापेक्षा तिचे ते दीड महिने गेले. आता समुपदेशन आणि गोळ्या चालू आहेत, परवा तिनं आपणहून भाकरी मागितली.

पैसे मागायला गेलो तर सेंटरला कुलूप. पावती नसल्यानं तक्रारीत दाखवायला हातात काही नाही. लातूर, नांदेड, संभाजीनगरला लेकरं ठेवलेल्या आईबापांनो, असा कागद दिसला तर पैसे मोजण्याआधी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.